बाळनाकाचा हात

सुभाष निकाळजे यांना झटका आला तो ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी, दाढी करताना. अर्धा गाल साबणाचा, अर्धा कोरडा, आणि बाथरूममधून विचारतायत, "सुप्रभा, ही टूथपेस्ट कुठून आणलीस गं? ह्यावर कुठली लिपी आहे ही?" सुप्रभाला वाटलं, झाली सकाळी सकाळी चेष्टा सुरू. पण एकतीस वर्षं वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलेली बाई ती. दारात येऊन तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, हातातली ट्यूब पाहिली, वीस वर्षं घरात येणारी तीच ट्यूब, आणि त्यांचं पुढचं वाक्य संपायच्या आत अँब्युलन्सला फोन लावला.

हात वाचला, पाय वाचला, बोलणं वाचलं. जो तो म्हणाला, नशीब चांगलं हो, थोडक्यात निभावलं. थोडक्यात! त्या शब्दाचा सुप्रभाला असा राग यायचा की विचारू नका. गेलं होतं एकच, पण नेमकं तेच गेलं होतं. कन्सल्टंटने तिला बाजूला घेऊन समजावलं: डोळे शाबूत आहेत, हात शाबूत आहे, पण डोळ्याने पाहिलेलं अक्षर मेंदूत जिथे ओळखलं जातं तिथली वाट बंद झालीय. लिहिता येईल. वाचता येणार नाही.

"स्वतःचं लिहिलेलंसुद्धा?" तिने विचारलं.

"स्वतःचं लिहिलेलंसुद्धा."

घर बुद्धाला मानणारं, बाबासाहेबांना मानणारं. देवाला शिव्या द्यायचीही सोय नाही. नाहीतर तिने भर वॉर्डात विचारलं असतं, की बाबा रे, घ्यायचंच होतं तर एक पाय घ्यायचा होतास, ह्या माणसाचं वाचन कशाला घेतलंस?

आता निकाळजे कोण, हे सांगितल्याशिवाय ह्यातली मेख कळायची नाही. नोकरीने ते कौन्सिलमध्ये ड्राफ्ट्समन. आठवडाभर गटारांचे आणि फूटपाथांचे नकाशे काढायचे, जुन्या नकाशांच्या नकला करायच्या. शनिवार उजाडला की पोळीभाजीचा डबा घेऊन ट्रेनने इंग्लंडात, एका जुन्या दगडी ग्रंथालयात. तिथे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका पाद्र्याची वही होती. टोबायस हॅलम त्याचं नाव. त्या काळी विलायतेतल्या विद्वानांना एक वेडच लागलं होतं, जगभरातली अनोळखी अक्षरं गोळा करायचं. पूर्वेकडून जहाज आलं की धक्क्यावर जायचं, खलाशी असो की व्यापारी, त्याला गाठायचं आणि विचारायचं, काही लिहिलेलं आणलंयस का? वाचता येत नसलं तरी चालेल. खरं म्हणजे वाचता येत नसलं तरच त्यांना गोडी. हॅलमच्या वहीत अरबी होतं, चिनी होतं, हबशी होतं, ताडपत्राचा एक तुकडा होता, आणि चाळिसाव्या पानावर एक कागद होता, चक्क उलटा चिकटवलेला. त्याखाली पाद्रीबुवांनी लिहून ठेवलं होतं: 'अज्ञात अक्षर. बहुधा प्रार्थना.'

प्रार्थना कसली, कपाळ! मोडी होती ती. तीनशे वर्षं तो कागद डोक्यावर उभा होता आणि एकाही शहाण्याला पत्ता नव्हता. निकाळज्यांनी वही फिरवली, कागद सुलटा केला, आणि तिथेच, त्या शांत हॉलमध्ये, मोठ्याने "आयला!" म्हणून ओरडले. लोकांनी वळून पाहिलं. ही एकोणीसशे एक्क्याण्णवची गोष्ट.

अकरा ओळी होत्या. लिहिणारा बाळनाक, रामनाकाचा मुलगा, जातीने महार. राजापूरच्या इंग्रजांच्या वखारीचं टपाल त्याने घाट चढून पोचवलं होतं. मोहर मोडली नाही, वाटेत दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही, पुढे कुणी भलतं बोलू नये म्हणून लिहून देतो, असा मजकूर. आणि सगळ्यात शेवटी दोन शब्द: दस्तुर खुद्द. म्हणजे, हे माझ्या स्वतःच्या हातचं.

ज्याची सावली लोकांना चालत नव्हती, तो माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वी लेखणी धरतो आणि ठणकावून सांगतो, हात माझा आहे. निकाळजे त्या दिवशी घरी आले तेव्हा तापाने फणफणल्यासारखे दिसत होते. सुप्रभाने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. ते जेवायला बसले आणि भाताचा घास हातात धरूनच रडायला लागले.

पुढे ग्रंथालयाने आपल्या सूचीत नोंद बदलली. 'महार जासुदाचे स्वहस्ताक्षर. वाचन: एस. निकाळजे, कार्डिफ.' त्या कागदाचा मोठा फोटो दर चौदा एप्रिलला इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सला बौद्ध मंडळींच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लागायचा. इथे जन्मलेली पोरं, ज्यांना धड मराठी वाचता येत नाही, ती रांगेने येऊन त्या फोटोवर तळहात ठेवायची. निकाळजे बाजूला उभे राहून सांगायचे, "बघा, हा बाळनाकाचा हात." त्यांची मुलगी मृणाल चार वर्षांची असल्यापासून त्या रांगेत उभी राहिलेली.

पुस्तक लिहायला घेतलं होतं. तीस वर्षांच्या टिपणांची सात खोकी, नऊ प्रकरणं पुरी, दहावं बाकी. ते दहावं बाळनाकाच्या हातावरच होतं. लेखणी कशी धरायचा, कुठे जोर द्यायचा, कुठे घाई करायचा, हे सगळं ओळीओळीतून शोधून काढायचं. तेवढं झालं की पुस्तक छापायला जाणार होतं. आणि तेवढ्यात ती टूथपेस्ट.

हॉस्पिटलातून आल्यावर चौथ्या दिवशी निकाळजे किचनमध्ये येऊन म्हणाले, "थांब, यादी करून देतो." बसले, भराभर लिहिलं, सुंदर अक्षर, नेहमीसारखं. मग कागद हातात घेऊन बघत राहिले. एकदा सुलटा धरला, एकदा उलटा.

"कुणी लिहिलंय हे?" त्यांनी विचारलं.

"अहो, तुम्हीच की, आत्ता."

"काय लिहिलंय?"

"तूरडाळ, लसूण, दही, डिशवॉशरच्या गोळ्या," तिने वाचून दाखवलं. तिचा आवाज नर्सचा होता, पक्का, न हलणारा. मग ती पाच मिनिटांत येते म्हणून वर गेली आणि बाथरूमचा नळ सोडून ढसाढसा रडली.

त्यानंतर निकाळजे खुर्चीत बसून राहायला लागले. खोकी भिंतीला लावलेली, पाठ खोक्यांकडे. सुप्रभा बोलून बोलून दमली. रेडिओ लावला, चुलतभावाला नागपूरला फोन लावून दिला, वांग्याचं भरीत केलं. ह्या माणसाने भरीत परत पाठवायचं म्हणजे काय! तेव्हा ती खरी घाबरली.

वाट सापडली ती थेरपिस्टमुळे. मेगन नावाची वेल्श पोरगी आठवड्यातून एकदा घरी यायची. ती म्हणाली, डोळ्यांची वाट बंद आहे ना, मग बोटाची उघडी आहे का बघू. अक्षर बोटाने गिरवा. हात जे करतो ते हाताला कळतं, आणि हातालाच विचारायचं, काय होतं हे? निकाळज्यांनी नाक मुरडलं. बालवाडीत घातलंत होय मला, म्हणाले.

पण त्याच संध्याकाळी दोघं चालायला निघाले तर गल्लीच्या तोंडाशी हा माणूस रस्त्यात उतरला. तिथे गाड्यांसाठी पांढऱ्या रंगात चार मोठाली रोमन अक्षरं रंगवलेली आहेत, वेल्श भाषेत, 'अराव', म्हणजे हळू. तीस वर्षं त्यावरून गाडी नेलेली. निकाळजे पहिल्या अक्षरावर उभे राहिले आणि त्या रेषेवरून चालायला लागले. वर गेले, खाली आले, मधली आडवी रेघ चालले. मग दुसरं अक्षर. मागून एक व्हॅन आली, भोंगा वाजवायला लागली. सुप्रभा रस्त्यात आडवी उभी राहिली आणि तिने व्हॅनवाल्याला हात दाखवून थांबवलं, थेट ट्रॅफिक पोलिसासारखं. चौथं अक्षर संपलं. निकाळजे मान वर करून म्हणाले, "अराव!" आणि हसले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा हसले. सुप्रभाने भर रस्त्यात, व्हॅनवाल्याच्या देखत, नवऱ्याचा मुका घेतला. पासष्ट वर्षांची बाई! पण लाज वाटायला शुद्ध कुठे होती.

तिथून तिच्या डोक्यात एकच शिरलं. दहावं प्रकरण ह्यांच्या हातून पुरं व्हायला हवं. दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही, हे ती नर्स म्हणून जाणून होती, आणि बायको म्हणून तो विचार जवळ येऊ देत नव्हती. वाचायचं तर त्या कागदावर बोट फिरवायला हवं. आणि ग्रंथालय तर जुन्या शाईला बोट लावू देणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. मग तिने फोनावर फोन केले, ईमेल केले, शेवटी तिथली एक भली मुलगी तयार झाली आणि तिने चाळिसाव्या पानाचे खूप बारकाईने काढलेले फोटो पाठवले. पुढचं काम मृणालचं. ती मिल्टन कीन्सला आयटीत. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे एक मशीन होतं, ते फोटोवरून उठावाची पाटी बनवायचं. जिथे शाई जितकी दाट तितका उठाव जास्त, आणि शाईवरून शाई गेली असेल तर नंतरची रेघ वर.

फेब्रुवारीत मृणाल स्वतः गाडी चालवत पाटी घेऊन आली. "बाबा, हे बघ, तुझा बाळनाक आला. मी त्याला डबल साइज केली, तुझी बोट जाडा आहे ना," तिच्या त्या मराठीत ती म्हणाली. एरवी निकाळजे तिचं लिंग-वचन सुधारल्याशिवाय सोडत नसत. त्या दिवशी ते राहूनच गेलं. पाटी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि बोट टेकवलं.

तीन दिवस! काय सांगू त्या तीन दिवसांचं. घरात जणू लग्न होतं. ते एक एक शब्द मोठ्याने वाचायचे आणि सुप्रभा, ती मोडीचा म सुद्धा न कळणारी, दाद द्यायची. "मौजे... हं, इथे घाई केलीय पठ्ठ्याने." जेवण मागून घेतलं. भरीत दोनदा वाढून घेतलं. सुप्रभा स्वतःवरच खूश होती. कन्सल्टंटला जमलं नाही ते आपण करून दाखवलं, असं तिने फोनवर चार मैत्रिणींना सांगितलंसुद्धा.

चौथ्या दिवशी, दुपारी, ती कपडे वाळत घालून आत आली तर निकाळजे पाटीवर एकाच जागी बोट पुढेमागे करत होते. चेहरा असा उतरलेला की तिने आधी त्यांचा हात उचलून पाहिला, मग तोंड वाकडं झालंय का ते पाहिलं.

"काय होतंय? अहो, बोला ना."

"ह्याला लिहिता येत नव्हतं," ते म्हणाले.

"कुणाला?"

"ज्याने हे लिहिलंय त्याला."

मग त्यांनी तिचं बोट धरलं आणि पाटीवर ठेवलं. मोडी लिहिताना, ते म्हणाले, माणूस आधी डोक्यावरची रेघ ओढतो, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. मग तिला अक्षरं टांगतो. रेघ आधी, अक्षर मग. मोडी लिहिणारा प्रत्येक माणूस हेच करायचा. "आता बघ. रेघेवरून बोट ने. लागतंय काही?"

लागत होतं. रेघ अक्षरांच्या वरून गेली होती. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरून चढून उतरून. आधी अक्षरं आणि शेवटी रेघ.

"कागद उलटा धरून काढलंय," निकाळजे म्हणाले. "रेघ त्याला अक्षरांच्या खालची वाटली. आधी चित्रं काढली, मग खाली रेघ मारली. हॅलमने स्वतः. बाळनाकाचा कागद मळका असेल, फाटका असेल, कोण जाणे. ह्याने बघून बघून सुबक नक्कल केली आणि ती डकवली. खरा कागद गेला चुलीत." थोडं थांबून म्हणाले, "मी ड्राफ्ट्समन. जन्मभर नकला काढल्या. मला कळू नये? काळ्यावर काळी शाई, डोळ्यांना कधी दिसलंच नाही गं."

 सुप्रभाने हार मानली नाही. "अहो, मजकूर तर त्याचाच ना? त्याने लिहिलं होतं म्हणून तर ह्याने नक्कल केली."

"मजकूर त्याचा. हात त्याचा नाही. मी तीस वर्षं लोकांना हात दाखवला, सुप्रभा. लहान लहान पोरांचे तळवे त्याच्यावर ठेवले. पाद्र्याच्या हातावर ठेवले मी."

तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिल्टन कीन्सला हॉलचं सगळं बघणाऱ्या प्रमोदला फोन करून सांगितलं, ह्या वर्षी फोटो लावू नका, कारण मग सांगेन. आणि सुप्रभाकडे कोरे कागद मागितले. ग्रंथालयाला कळवायचं, नोंद काढून टाका.

इथे मात्र ती भडकली. "कशाला? कोण विचारतंय तुम्हाला? तुमच्या बोटाशिवाय हे जगात कुणाला कळायचं नाही! डोळे असलेल्या माणसांना दिसत नाही ते. आहे ते राहू द्या ना. त्या मोठ्या ग्रंथालयात निकाळजे नाव आहे, माझ्या नातवंडांनी उद्या शोधलं तर सापडेल, ते स्वतःच्या हाताने पुसायला निघालात? हौस आहे का?"

निकाळजे शांतच होते. ते शांत राहिले की तिला अधिकच त्रास व्हायचा. "मी मोडी का शिकलो, तुला माहितेय," ते म्हणाले. "आमच्या आज्याकडे वतनाचे कागद होते. वाचता कुणाला येत होतं? कुलकर्णी वाचून दाखवायचा. तो जे वाचेल ते आजा ऐकायचा आणि अंगठा उठवायचा. पुढे कळलं, कागदात होतं एक आणि ऐकवलं भलतंच. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मान डोलवायची, ह्याचा मला असा संताप होता. आणि मी तेच करू? लोकांना वाचता येत नाही म्हणून काहीही ऐकवू?"

 सुप्रभाने कपाटातून कोरे कागद काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

पत्र त्यांनी एका बैठकीत लिहिलं. इंग्रजीत, दोन पानं, एक खाडाखोड नाही. मग तिला म्हणाले, वाचून दाखव, चुकलो असेन तर कळेल. तिने वाचलं. चुकले नव्हते. सगळं स्वच्छ लिहिलं होतं: हे वाचन माझं होतं, ही चूक माझी आहे, रेघ नंतरची आहे, स्वहस्ताक्षर हा शब्द काढावा आणि माझं नावही काढावं. वाचता वाचता तिला हेच समजत होतं की ह्या घरात ती पाटी आपण आणली. आपण फोन केले, आपण मृणालच्या मागे लागलो. गप्प बसलो असतो तर हा माणूस खुर्चीत बसून राहिला असता, पण बाळनाक त्याच्याजवळ राहिला असता. प्रेमाने केलं म्हणून काय झालं? हात तर तिचाच होता.

पत्र पोस्टात टाकायला तिला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी पेटीपर्यंत जाऊन ती परत आली. "टाकलंस?" त्यांनी विचारलं. "टाकलं," ती म्हणाली. पत्र पर्समध्ये होतं. तीन दिवस त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि त्या न विचारण्यानेच ती खचली. चौथ्या दिवशी तिने ते पेटीत ढकललं आणि घरी येऊन कांदे चिरले.

तीन आठवडे निकाळजे रोज सकाळी टपाल पडल्याचा आवाज आला की मान वर करायचे.  सात खोकी त्यांनी मृणालला सांगून लॉफ्टवर चढवून घेतली होती. जेवायचे, चालायला जायचे, रस्त्यातल्या अक्षरांना वळसा घालून पलीकडून जायचे. पण त्या टपालाकडे त्यांचा जीव लागला होता, हे सुप्रभाला दिसत होतं. कुणीतरी एकाने तरी म्हणावं, की तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. तीस वर्षं शनिवारचे शनिवार जिथे घालवले तिथून एवढंच यायला हवं होतं. नाव गेलं तर गेलं.

पत्र आलं. ग्रंथालयाचं चिन्ह असलेला लांबट लिफाफा. सुप्रभाने दारातच उभं राहून फोडला. दोन ओळी होत्या. 'आपले पत्र मिळाले. त्यानुसार नोंदीत दुरुस्ती केली असून आपले नाव वगळण्यात आले आहे.' खाली कुणा अनोळखी माणसाची सही. ती भली मुलगीसुद्धा नाही.

एवढंच? तिने कागद उलटून मागची बाजू पाहिली. कोरी.  अरे, एक 'आभारी आहोत' लिहायला शाई संपली होती का तुमची? एक माणूस स्वतःचं काळीज कापून पाठवतो आणि तुम्ही त्याला पोच देता?

"आलं का?" आतून आवाज आला. "वाच."

ती आत जाऊन समोर बसली. कागद धरला. "प्रिय श्री. निकाळजे," तिने सुरुवात केली, आणि पुढचं तिच्या तोंडून आपोआप यायला लागलं. एकतीस वर्षं मेलेल्या माणसांच्या नातेवाइकांशी बोललेली बाई होती ती. तशी इंग्रजी वाक्यं तिला शोधावी लागत नव्हती. आपलं पत्र आमच्या बैठकीत सर्वांसमोर वाचलं गेलं. स्वतःच्या कामाविरुद्ध असं लिहायला लागणारं धैर्य आम्ही फार थोड्या विद्वानांत पाहिलं आहे. आपल्या बोटाने जे दाखवलं ते आमच्या कुणाच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. हात बाळनाकाचा नसला तरी त्याचा शब्द आपल्यामुळे जगाला वाचता आला, आणि तो आता राहील. आपलं पत्र आम्ही त्या पानासोबतच ठेवत आहोत. आपले ऋणी.

निकाळजे डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर डोळे उघडले. मग हात पुढे केला. "दे."

नाही कशी म्हणणार? तिने दिलं, आणि देताना तिच्या लक्षात आलं की हा माणूस आंधळा नाही. अक्षर कळत नसलं म्हणून काय झालं, दोन ओळी आहेत की वीस, हे कुणालाही दिसतं. 

त्यांनी कागद पाहिला. मग मांडीवर ठेवला, बोट टेकवलं आणि गिरवायला लागले. छापील अक्षर बारीक होतं. एकेका शब्दाला वेळ लागत होता, ओठ हलत होते, मधे मागे जाऊन पुन्हा सुरुवात करत होते. सुप्रभा समोर बसून राहिली. उठून जावंसं वाटत होतं, पण आपणच केलंय तर आपणच बघायला हवं, असं तिला वाटलं. दुसरी ओळ संपेपर्यंत अर्धा तास गेला. आपल्या नावावर त्यांचं बोट दोनदा फिरलं.

त्यांनी पत्राची घडी घातली नाही. तसंच तिच्याकडे परत केलं. ती काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "परत एकदा वाच."

"अहो..."

"वाच ना. छान लिहिलंय."

तिने कागद समोर धरला. डोळ्यांत पाणी भरलेलं, त्यामुळे तिलाही त्या दोन ओळी आता नीट दिसत नव्हत्या. प्रिय श्री. निकाळजे. पत्र बैठकीत वाचलं गेलं. धैर्य. बोट. डोळे. मग तिला पुढचं आठवेना. ती अडखळली आणि एकदम शेवटावर आली, आपलं पत्र आम्ही त्या पानासोबतच ठेवत आहोत.

"त्याच्या आधी एक होतं," निकाळजे हळूच म्हणाले. "बाळनाकाच्या शब्दाबद्दलचं. ते राहिलं तुझं."

तिने कागद पुन्हा वर धरला आणि तेही वाचलं.